बारा व्होल्ट

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

ही डायरी जुनी आहे. सुनेला, रुचिताला, ऑफिसात कधीतरी मिळालेली. छापलेल्या तारखा खोडून मी आजच्या घालतो आहे. लिहायचं कारण एवढंच की डोक्यात फार गोष्टी फिरतात आणि जयेशला सांगायला गेलं की तो म्हणतो, "बाबा, टेन्शन मत लो." घेतलं नाही तर ते कुठं ठेवायचं, हे माझ्या मुलानं अजून सांगितलेलं नाही.

आज फिजिओथेरपीवाली चेतना आली होती. इंदुमतीचा, माझ्या बायकोचा, उजवा पाय तिनं उचलला, वाकवला, सरळ केला. इंदुमती छताकडे बघत पडून होती, जणू पाय दुसऱ्या बाईचा.

"आंटीजी, थोड़ा ज़ोर आप भी लगाओ ना."



जाताना दाराशी चेतनानं मला हळू आवाजात सांगितलं, की ऑपरेशन केलेलं हाड चांगलं जुळलंय, पण मांडी सुकत चालली आहे. जानेवारीअखेरपर्यंत पायात ताकद आली नाही तर पुढं वॉकर धरूनही उभं राहणं कठीण. "पैडल मारने वाली कसरत चाहिए, अंकलजी. रोज़. और आंटी मन से करें, तब."

दिवाळीच्या आधी, एकवीस ऑक्टोबरला ती पडली. स्टुलावर चढून पंखा पुसत होती. स्टूल मी धरलं होतं. मधेच मला वाटलं, गॅस चालू राहिलाय. बघायला गेलो. गॅस बंद होता. एवढंच. कुणीही गेलं असतं.

६ डिसेंबर

जयेशनं ऑनलाइन पायडलचं यंत्र मागवलं. खुर्चीसमोर ठेवून पाय फिरवायचे. इंदुमतीनं चार फेरे मारले आणि पाय काढून घेतले.

"नुसतेच फिरवायचे? कशासाठी?"

"पायासाठी," मी म्हणालो.

"मग झालं की."

यंत्र आता पलंगाखाली आहे.

तिचं खरं आहे. ही बाई कधी रिकामी हलली नाही. टीव्ही बघतानाही मटार सोलायची. काही निघत नसेल तर ती हात घालत नाही, मग पाय कसा घालेल? तेव्हा पायडल मारल्यावर डोळ्यांसमोर काहीतरी निघालं पाहिजे. दुपारभर विचार केला आणि ठरवलं: दिवा. तिनं पाय मारला की दिवा लागेल, थांबली की विझेल.

हे मला जमेल. इथं राजधानीत, कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सदनात, म्हणजे आपल्या राज्याच्या अतिथिगृहात, मी एकतीस वर्षं वायरमनचा हेल्पर होतो. शिडी धरायची, टेस्टर द्यायचा, वर चढलेल्या माणसाला "मेन बंद आहे" असं ओरडून सांगायचं. वायरमनची परीक्षा तीनदा दिली आणि तीनदा लेखी पेपरात गेलो. सातवीला शाळा सुटली ती सुटली. पण हाताला बरंच येतं. मोटरला वीज दिली की ती फिरते, आणि तीच मोटर हातानं फिरवली की वीज देते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बारा व्होल्ट मिळाले की बास.

चुकलं तर हसं होईल. जयेश आधीच हसतो.

९ डिसेंबर, सोमवार

आज मोठं काम झालं.

बाल्कनीत इंदुमतीचं पायाचं शिलाई मशीन ऑक्टोबरपासून पडून आहे. खाली पायडल, मोठं चाक, चामड्याचा पट्टा, सगळं आयतं. वरच्या हेडचा, सुईच्या भागाचा, आता काय उपयोग? पायच हलत नाही तर शिवणार कोण? उलट ते दिसलं की तिला वाईट वाटत असणार. फडकं घालून ठेवण्यापेक्षा कामाला आलेलं बरं.

रुचिता सुट्टी घेऊन तिला एक्स-रेला घेऊन गेली, तेव्हा मी स्क्रू सोडवून हेड काढलं आणि ई-रिक्षातून मागच्या गल्लीतल्या कबाड्याकडे, भंगारवाल्याकडे, नेलं. त्याच्याकडे जुन्या ट्रेडमिलची मोटर मी हेरून ठेवली होती. म्हटलं, हे घे, ती दे. त्यानं हेडचं चाक फिरवून बघितलं. "चालू है?" "एकदम." "तो ले जाओ, ताऊ." अदलाबदल झाली. मोटर भलती जड. आणताना छातीत जरा धडधडलं. रस्त्यात पडलो असतो तर कुणी ओळखलंही नसतं. खिशात नाव-पत्ता लिहून ठेवला पाहिजे.

संध्याकाळी दोघी परत आल्या. व्हीलचेअर बाल्कनीच्या दाराशी थांबली.

"हेड कुठंय?" इंदुमती म्हणाली.

मी सांगितलं. दिव्याची योजनाही सांगितली, अगदी कागदावर काढून.

तिनं स्वतःच चाकं वळवून खुर्ची आत नेली. एक्स-रेला फार वेळ लागला म्हणे, दमली असणार.

१२ डिसेंबर

तीन दिवस माझ्याशी बोलत नाही. रुचिताशी बोलते, चेतनाला हो-नाही करते. चेतना म्हणते, लांबलेल्या दुखण्यात चिडचिड होते, मनावर घेऊ नका.

आज तिनं रुचिताकडून कात्री, खडू आणि जुने पडदे मागून घेतले. उशीला टेकून पडद्यांचे सारखे तुकडे कापत बसते. वेळ जायला काहीतरी हवंच. मी रुचिताला म्हटलं, "कात्री फार धारदार आहे, तिच्या हाताला लागेल."

रुचिता म्हणाली, "बाबा, तुम्हाला खरंच कळत नाही का?"

कात्रीचं मला कळतं, म्हणूनच तर बोललो.

१५ डिसेंबर, रविवार

मशीनच्या लाकडी फळीला भोकं पाडून मोटर बसवली. पट्टा आखूड पडला, दुसरा आणून तारेनं जोडला. मग स्टुलावर बसून पायडल मारलं. चाक असं काही पळालं! मोटरच्या दोन वायरांना मीटर लावला. काटा आधी थरथरला, मग चढत गेला. नऊ. अकरा. चौदा.

चौदा व्होल्ट! एकटाच ओरडलो. जयेश खोलीतून बाहेर आला, त्यानं बघितलं.

"बाबा, अपने घर में इन्व्हर्टर है. नवीन बॅटरी आहे."

"हे आईच्या पायासाठी आहे."

"आईनं बघितलं का पण?"

"लागल्यावर बघेल."

"क्या यार बाबा," तो म्हणाला आणि गेला. पण जाताना एकदा वळून मीटरकडे बघितलं. मी पाहिलं ते.

१६ डिसेंबर

स्कूटरच्या हेडलाइटचा बल्ब जोडला, म्हणजे चांगला लख्ख उजेड पडेल. पायडल मारलं तर चाक चिखलात रुतल्यासारखं. बल्बची तार जेमतेम लाल झाली. मीटर चारवर. वायर काढली की चाक भुर्रकन पळतं आणि काटा चौदावर. वायर जोडली की परत चिखल. दहा मिनिटांत माझ्याच पोटऱ्या भरून आल्या. हिच्या पायाला हे कसं झेपणार?

कुठंतरी घासतंय. उद्या ग्रीस.

१७ डिसेंबर

ग्रीस लावलं. फरक नाही.

१९ डिसेंबर

पट्टा सैल केला. घसरतो. घट्ट केला. आणखी जड. बेअरिंग उघडून रॉकेलनं धुतलं. मीटरची बॅटरी बदलली, मीटरचा काय दोष म्हणा. हाताचा ग्रीसचा वास जात नाही, रुचितानं पोळीचं पीठ माझ्यापासून लांब ठेवलंय.

हवा इतकी घाण आहे की बाल्कनीत बसलं की घसा खवखवतो. खोकला छातीत गेला तर इंदुमतीला लागेल. मास्क लावून काम करतो. मास्कनं चष्म्यावर वाफ येते. वाफेनं स्क्रू दिसत नाही. स्क्रू पडला की वाकावं लागतं, वाकलं की चक्कर येते. असं सगळं.

२१ डिसेंबर

तिसरा बल्ब. मला वाटलं बल्बच खराब, तोच वीज खातोय. दुकानदार म्हणाला, "अंकल, बल्ब तीनों ठीक हैं. दिक्कत कहीं और है." हे सांगायला दुकानदार कशाला हवा? दिक्कत कहीं और है हे मला आयुष्यभर लोकांनी सांगितलं. कुठं, ते कुणी सांगत नाही.

चेतनानं आज टेपनं मांडी मोजली. आकडा मला सांगितला नाही. रुचिताला सांगितला.

पलंगाशेजारी पडद्याच्या तुकड्यांचा ढीग झालाय. आता ती त्यांच्या कडा दुमडून टाचण्या लावते आहे. टाचणी गादीत राहिली तर?

२६ डिसेंबर, गुरुवार

आज ती बोलली. सतरा दिवसांनी.

मी बाल्कनीत पुन्हा ग्रीसचा डबा उघडला होता. दार उघडं होतं. आतून आवाज आला.

"ग्रीस लावून काय होणारे?"

मी डबा हातात घेऊनच आत गेलो. "काय म्हणालीस?"

"जीन्सला टीप मारायला घेतली की पायडल जड होतंच. रिकामं मशीन पळतं. सुईखाली काही आलं की पायाला कळतं."

"अगं, पण इथं सुईखाली कापड कुठंय?"

"दिवा आहे ना," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

मी डब्याचं झाकण लावलं. म्हणजे कुठंच घासत नव्हतं. दिव्याला जे लागतं ते पायातूनच जात होतं. दिवा मोठा म्हणजे कापड जाड. एकतीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही. किंवा वर चढून सांगितलं असेल, मी खाली शिडी धरून असेन.

ती बोलली, याचा आनंद मानायचा की दहा दिवस मी उगाच ग्रीस फासत होतो याचं वाईट वाटून घ्यायचं, ते ठरत नाही.

२८ डिसेंबर

छोटा एलईडी आणला, तीन वॉटचा. जोडला. पायडल मारलं. किंचित जड, पण फिरतं. आणि दिवा लागला! पांढरा, नीट. मीटर बारावर. बरोबर बारा.

जयेश आणि रुचिता दोघांना बोलावलं. तिघांनी मिळून इंदुमतीला खुर्चीतून बाल्कनीत नेलं. मी मारून दाखवलं. जयेश म्हणाला, "वाह बाबा, बिल्कुल मस्त." मनापासून म्हणाला.

"आता तू बस," मी तिला म्हणालो.

"कशासाठी?"

"दिवा लागतो."

"दिव्याला बटण आहे," ती म्हणाली. "रुचिता, मला आत ने. गार लागतंय."

२ जानेवारी २०२५

लिहायला काही नाही. चार दिवस ते यंत्र बाल्कनीत उभं आहे. धुकं इतकं की समोरची सोसायटी दिसत नाही. मी रोज एकदा पायडल मारतो, दिवा लागतो, बारा येतात, थांबतो, विझतो. माझे पाय मात्र सुधारले असतील.

हिला बरं व्हायचंच नाही का? असा विचार येतो. मग लाज वाटते. मग वाटतं, मी काय कमी केलं? महिना घातला. एक शब्द तर बोलावा. स्टुलाचंही ती कधी बोलली नाही. कुणालाच सांगितलं नाही की मी सोडून गेलो होतो. डॉक्टरांनाही म्हणाली, "पाय सटकला." भांडली असती तर मी सांगितलं असतं की गॅस चालू राहिला असता तर केवढं झालं असतं.

५ जानेवारी, रविवार

इंदुमती झोपली होती. तिचा फोन वाजला. मंडळाच्या लताबाई.

"भाऊजी, इंदूताई कशा आहेत? अहो, काळजी वाटत होती, म्हणून विचारते. हळदीकुंकू दोन फेब्रुवारीला ठरलंय. आम्ही म्हटलं यंदा वाण म्हणून स्टीलच्या वाट्या घेऊ, ताईंना त्रास नको. तर त्या म्हणाल्या, अजिबात नाही, पिशव्या मीच शिवणार, एक्कावन्न."

"कधी म्हणाल्या?"

"झाला की महिना. नोव्हेंबरच्या शेवटी. म्हणाल्या, डिसेंबरात मशीनवर बसायला लागते, पायाला तेवढाच व्यायाम."

मी हो हो म्हणालो आणि फोन ठेवला.

इथल्या मराठी बायका संक्रांतीनंतर एकमेकींना वाण देतात. कुणी प्लास्टिकचे डबे, कुणी गाळणी. इंदुमती दर वर्षी कापडी पिशवी शिवते. भाजीला निघालेल्या कितीतरी बायकांच्या हातात मी ती पिशवी बघितलीय. बघितलीय आणि कधी विचार केला नाही.

पलंगाजवळचा ढीग मी हळूच मोजला. दोन-दोन तुकडे टाचलेले, पट्टे वेगळे. एक्कावन्न.

ती पायडल मारणारच होती. आपल्या मनानं, आपल्या मशीनवर. आणि मी ते मशीन देऊन तिला पायडल मारायला लावायला एक मोटर आणली.

रुचितानं विचारलं होतं, खरंच कळत नाही का. आता कळलं तर कुणाला सांगू? सगळ्यांना आधीच माहीत आहे.

६ जानेवारी

सकाळीच कबाड्याकडे गेलो. हेड नाही. "वो तो उसी हफ्ते निकल गया, ताऊ. नफ़ीस मास्टर ले गए, फाटक के पास वाले दर्ज़ी."

फाटकाजवळ दर्जींची चार दुकानं. चौथ्यात सापडलं. हेड मी लांबूनच ओळखलं, पुढच्या सोनेरी वेलीचा एक डाव्या बाजूचा तुकडा उडालाय. नफ़ीस मास्टर त्याच्यावर शेरवानीला अस्तर लावत होते. साठीचे असतील, चष्मा नाकाच्या टोकावर.

मी सगळं सांगितलं. जरा जास्तच सांगितलं. पंख्यापासून.

ते पाय न थांबवता म्हणाले, "भाई साहब, शादियों का सीज़न है. मेरी मोटर वाली मशीन जल गई, इसी पे रोटी चल रही है. यह दे दूँ तो बैठूँ काहे पे?"

"दुसरी मिल जाएगी..."

"तो दूसरी आप ही ले लीजिए ना भाभीजी के लिए."

बरोबर बोलत होते. मी परत आलो. थंडीत कान झाकायचं विसरलो, आता ठणकतायत.

७ जानेवारी

पुन्हा गेलो. मास्टर म्हणाले, "आप फिर आ गए?" आणि चहा मागवला.

चहा पिताना मी कोपऱ्यातली बंद मोटर बघितली. जळली म्हणजे वास यायला हवा. मी वाकून हुंगलं. वास नव्हता. "चालू करके दिखाइए ज़रा." त्यांनी बटण दाबलं. मोटर घुंऽऽ करून गुणगुणली, पण उठली नाही. मी लगेच बंद करायला लावली. मिस्त्री म्हणाला होता म्हणे, आतलं तारेचं वायंडिंग गेलं, नवीन टाका.

गुणगुणते आणि उठत नाही. सदनातले पंखे असेच करायचे. चाकाला हातानं जरा धक्का दिला आणि पुन्हा बटण दाबलं, तर कुरकुरत उठली. वायंडिंग नाही. सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर.

पण मी म्हणायचं कसं? माझ्याकडे वायरमनचा कागद नाही. चुकलं तर मास्टरांची उरलीसुरली मोटरही जाईल आणि मी कुठल्या तोंडानं हेड मागणार? "सोचके बताता हूँ," म्हणून पळ काढला.

९ जानेवारी

दोन दिवस कपॅसिटरच डोक्यात. बी.पी. वाढलं असणार, मोजलं नाही, मोजलं की आणखी वाढतं. रुचिता डब्यात पोळ्या भरत म्हणाली, "बाबा, ते नफ़ीस मास्टर काय म्हणाले?" तिला कसं माहीत? कबाड्यानं गल्लीभर केलंय. मी मोटरचं सांगितलं.

"मग तुम्हाला काय वाटतं, काय बिघडलंय?"

"कपॅसिटर. पण मी हेल्पर होतो, रुचिता. शिडी धरायचो."

"एकतीस वर्षं खाली उभं राहून वरच बघत होतात ना?" ती म्हणाली आणि मेट्रो गाठायला पळाली.

१० जानेवारी, शुक्रवार

कपॅसिटर घेऊन गेलो. मेन बंद केला. तीनदा बघितला. मग मास्टरांनाही बघायला लावला. जुना काढला, त्याचं पोट फुगलं होतं. ते दिसल्यावर जीव भांड्यात पडला. नवा जोडला, टेप गुंडाळली.

"दबाइए."

मोटर उठली. गुणगुण नाही, धक्का नाही. मशीन रिकामंच धाडधाड पळायला लागलं. मास्टर चष्मा काढून हसले. शेजारच्या दुकानात ओरडून सांगितलं, "अरे, वायरमैन साहब ने ठीक कर दी! वो मिस्त्री तो नई दिला रहा था!"

वायरमैन साहब. मी ते दुरुस्त केलं नाही.

हेड त्यांनी स्वतः फडक्यात बांधून ई-रिक्षात ठेवलं. "भाभीजी से कहिए, मैंने तेल डाला है. मशीन अच्छी रखी हुई है."

११ जानेवारी

सकाळपासून मोटर खाली सरकवायचं काम केलं. काढूनच टाकणार होतो, पण हात होईना. स्टँडच्या लोखंडाला पट्टीनं बांधून ठेवली, पट्टा न लावता. फळीची भोकं लाकडाच्या भुशानं आणि फेव्हिकॉलनं भरली. दिसतात. हेड बसवलं.

ती खुर्चीतून आली. बराच वेळ बघत होती. हात फिरवला, चाक मागं-पुढं केलं, दाबपट्टी उचलून सोडली. बोट नाकाशी नेलं.

"तेल वेगळं आहे."

"नफ़ीस मास्टरांनी घातलंय."

"फळीला भोकं पाडलीत."

"भरलीत."

"दिसतंय."

मग म्हणाली: "विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं."

"म्हणूनच विचारलं नाही," माझ्या तोंडून गेलं.

मला वाटलं, आता पुन्हा सतरा दिवस. पण ती म्हणाली, "दोरा पांढरा नको, राखाडी आणा. पडदा राखाडी आहे."

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ झाला. अकरा वाजता म्हणाली, मशीनवर बसते.

व्हीलचेअरवरून मशीनच्या खुर्चीत जायचं म्हणजे मधे दोन पावलं उभं राहायचं. वॉकर होता, तरी मी खुर्ची मागून धरली. ती उठताना थांबली आणि वळून न बघता म्हणाली, "धरा नीट. आणि गॅसकडे जाऊ नका."

मी खुर्चीची पकड घट्ट केली. म्हणजे इतके दिवस तिनं ते नुसतं ठेवलं होतं. मी काहीतरी बोलणार होतो. तेवढ्यात दोन पावलं टाकून ती मशीनच्या खुर्चीत बसली आणि पायडलवर पाय ठेवला.

उजवा पाय नुसता डाव्याबरोबर ओढला जात होता. सहा टाके. थांबली. ओठ आवळलेले. आणखी सहा. पिशवीची एक कड व्हायला पाऊण तास लागला. शिवण वाकडी होती. तिनं ती उसवली आणि पुन्हा घातली.

"उद्या कर उरलेलं," मी म्हणालो.

"तुमचं यंत्र नव्हे हे, वाटेल तेव्हा बंद करायला."

दुपारी पाय सुजला. मला वाटलं, झालं, हाड सरकलं. चेतनाला फोन केला. ती म्हणाली, "सूजन आएगी, अंकलजी. बर्फ़ लगाइए. आंटी ने ख़ुद पैडल मारा? सच में?" दोनदा विचारलं.

२१ जानेवारी

एकोणीस पिशव्या. परवा रडली. दुखतं म्हणून की वेग जमत नाही म्हणून, कळलं नाही. विचारलं तर म्हणाली, "कांद्याचं पाणी." घरात कांदा चिरलेला नव्हता.

मला काम नाही. बॉबिन भरून देतो, तेही ती तपासते. मोटर खाली नुसती बांधलेली, तिच्यावर धूळ. महिनाभर ज्याच्यापायी झोप उडाली ते काहीच नव्हतं म्हणायचं.

चेतनानं टेप लावली. या वेळी आकडा मला सांगितला.

२ फेब्रुवारी, रविवार

हळदीकुंकू झालं. लताबाईंच्या घरी. इंदुमती व्हीलचेअर नको म्हणाली. लिफ्टपासून दारापर्यंत वॉकरनं गेली, मी दोन पावलं मागं. पुरुषांना आत काय काम, मी खाली बाकावर बसलो. तासाभरानं बायका उतरायला लागल्या. प्रत्येकीच्या हातात राखाडी पिशवी. काहींच्या शिवणी वाकड्या होत्या. सुरुवातीच्या असणार. त्या तिनं मागं ठेवल्या नाहीत, ह्याचं मला आश्चर्य वाटलं. पूर्वी ठेवल्या असत्या.

३ फेब्रुवारी

लिहायला बसलोय पण काय लिहावं कळत नाही.

दुपारी जेवणं झाली. जयेश-रुचिता ऑफिसात. इंदुमती वॉकर घेऊन आपली आपण मशीनपर्यंत गेली. मला वाटलं, काही उरलंसुरलं शिवायचं असेल. सुईखाली काही घेतलं नाही.

"अहो. जोडा तुमची वायर."

"कसली?"

"दिव्याची. तो पट्टा लावा आणि जोडा."

मला घाई झाली. पट्टा उलटा बसला, पुन्हा काढला. खोक्यात हात घातला तर एलईडी सापडेना, रुचितानं आवरताना कुठं ठेवला कोण जाणे. हाताला लागला तो स्कूटरचा मोठा बल्ब. म्हटलं, "हा फार जड जाईल. थांब, छोटा शोधतो."

"लावा तोच."

लावला. मीटरच्या वायराही जोडल्या आणि मीटर तिकडे टेबलावर ठेवला. तिनं पाय ठेवले, दोन्ही. चाक आधी हललंच नाही. मग हललं. तार लाल झाली. उजवा पाय थरथरत होता, खुर्ची मागं सरकायला लागली, म्हणून मी ती दोन्ही हातांनी धरली.

"जड आहे," ती म्हणाली.

"मग सोड ना."

सोडलं नाही. तार लाल होती ती नारिंगी झाली, मग पिवळी, आणि मग भर दुपारी त्या बल्बचा उजेड समोरच्या भिंतीवर दिसायला लागला. ती भिंतीकडे बघत मारत राहिली. स्वयंपाकघरातून कसलासा वास येत होता, दूध असेल, नसेलही.

मीटरचा आकडा बघायचा तर खुर्ची सोडून टेबलापाशी जावं लागलं असतं. बारा आले की नाही, ठाऊक नाही.